स्वित्झर्लंडच्या डोंगरातली शर्यत आणि धुराचा हिशोब

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक ठरलेलं चित्र येतं. बर्फाचे डोंगर, हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि मिनिटाचाही उशीर न करणारी लाल रेल्वे. यश चोप्रांच्या सिनेमांत पाहिलेलं आणि टूरवाल्यांच्या जाहिरातींत अजूनही दिसणारं. या चित्रात पेट्रोलचा वास कुठेच नसतो.

पण त्याच देशात दर उन्हाळ्यात आरगाऊमधलं रायटनाऊ, टोगेनबुर्गमधलं हेमबेर्ग, शाफहाउझेनमधलं ओबरहलाऊ, वाले कँटनमधलं आयाँ-आंझेर, ज्यूरामधलं सँ-उर्सान अशा लहान लहान गावांत दोन दिवस रस्ता बंद होतो, कडेला पेंढ्याचे गठ्ठे रचले जातात आणि एकामागून एक गाडी कानठळ्या बसवत डोंगर चढते. बघायला अख्खी पंचक्रोशी लोटते. आणि याच देशात सत्तर वर्षं सर्किटवरच्या मोटार शर्यतीला कायद्यानं बंदी होती. २०२३ मध्ये संसदेनं ती बंदी काढून टाकणारी दुरुस्ती मंजूर केली आणि १ जुलै २०२६ पासून ती लागू करायचं फेडरल सरकारनं ठरवलं.

त्यावरून तिकडे जो वाद झाला, त्यात दोन बाजू सरळ दिसतात. एक म्हणते, हिमनद्या वितळत असताना शर्यतींना मोकळीक देणं म्हणजे निव्वळ बेजबाबदारपणा. दुसरी म्हणते, शहरातल्या सायकलवाल्यांनी आम्हाला शिकवू नये. माझं मत या दोन्हींपेक्षा जरा वेगळं आहे. बंदी उठली हे बरोबर झालं. आणि तरीही त्या देशात नवं मोठं सर्किट होऊ नये. हे दोन्ही एकाच वेळी का म्हणतोय, ते सविस्तर सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी बंदी कशी आली ते बघू.

बर्नच्या कडेला जंगलातून जाणारा ब्रेमगार्टन नावाचा रस्ता होता. १९३४ पासून तिथे स्विस ग्रां प्री व्हायची. वळणं सुंदर, पण पाऊस पडला की रस्ता जीवघेणा. १९४८ मध्ये एकाच शर्यतीच्या आठवड्यात तिथे आकिले वार्झी, ओमोबोनो तेन्नी आणि ख्रिश्चन काउत्झ असे तीन स्पर्धक गेले. तरी शर्यत चालू राहिली. १९५४ ची शेवटची शर्यत फांजिओनं जिंकली. मग ११ जून १९५५ ला फ्रान्समध्ये ल मांच्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून जास्त माणसं मेली. युरोपभर शर्यती थांबल्या. बाकीच्या देशांनी कठडे, अंतरं, नियम सुधारून त्या पुन्हा सुरू केल्या. स्वित्झर्लंडनं मात्र १९५८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात कलम ५२ घातलं आणि सार्वजनिक सर्किट शर्यती बंद केल्या.

आता हे कलम नीट वाचण्यासारखं आहे. अपवाद करायचा झाला तर सरकारनं कशाचा विचार करावा, हे त्यात लिहिलं होतं: मुख्यतः रस्ता सुरक्षितता आणि वाहतुकीचं शिक्षण. पर्यावरणाचा त्यात उल्लेख नाही. असणार कसा? १९५८ मध्ये धुराबद्दल कोण बोलत होतं? म्हणजे ज्या बंदीकडे पुढे जग "बघा, किती पर्यावरणप्रेमी देश" म्हणून बोट दाखवत राहिलं, ती मुळात प्रेक्षकांचा जीव वाचवण्यासाठी होती. हिरवा रंग तिला नंतर चढला.

तो कधी चढला तेही दिसतं. २००३ मध्ये उलरिख गीझेनडानर या आरगाऊच्या खासदारानं बंदी उठवायचा प्रस्ताव आणला. हा माणूस स्वतः ट्रक वाहतुकीच्या धंद्यातला. २००७ मध्ये कनिष्ठ सभागृहानं हो म्हटलं, कँटनांच्या सभागृहानं अडवलं. तोपर्यंत सर्किटची सुरक्षितता पन्नास वर्षं पुढे गेली होती, त्यामुळे सुरक्षिततेचा मुद्दा पुरेनासा झाला होता. मग धूर, आवाज, हवामान आणि तरुणांपुढचा आदर्श हे मुद्दे पुढे आले. मुद्दे खोटे नव्हतेच. पण कायदा एका कारणासाठी करायचा आणि दुसऱ्या कारणासाठी ठेवायचा, यात लोकांचा कायद्यावरचा विश्वास थोडा झिजतो. गावाकडच्या माणसाला तर तो लगेच खुपतो.

बरं, बंदीनं शर्यती थांबल्या का? नाही.

बंदी होती ती अनेक गाड्या एकत्र गोल गोल पळवण्यावर. घड्याळाविरुद्ध एकेक गाडी सोडली तर ती सर्किट शर्यत होत नाही. त्यामुळे डोंगर चढायची हिल क्लाइंब, सुळक्यांमधून गाडी काढायची स्लॅलम, रॅली, मोटोक्रॉस हे सगळं कँटनच्या परवानगीनं चालू राहिलं. सर्किट शर्यती मात्र शेजारी गेल्या. स्विस चालक शर्यतीसाठी फ्रान्समधल्या दिजाँला, जर्मनीतल्या हॉकेनहाइमला, इटलीतल्या मोंझाला जाऊ लागले. १९८२ ची "स्विस ग्रां प्री" तर चक्क दिजाँला झाली, फ्रान्सच्या जमिनीवर. नाव स्वित्झर्लंडचं, धूर फ्रान्सचा. आणि हिनविल या झुरिच कँटनमधल्या लहानशा गावातून साउबरचा फॉर्म्युला वनचा संघ चालत राहिला. गाडी इथे बनवा, पळवा तिकडे. हा व्यवहार पर्यावरणाच्या हिशोबात कुठे बसतो, हे बंदीच्या समर्थकांनी सांगायला हवं होतं.

हिल क्लाइंबचा इतिहास तर बंदीपेक्षाही जुना आहे. १९२२ ते १९३४ दरम्यान क्लाउझेन घाटात शर्यत व्हायची. ग्लारुसमधल्या लिन्थाल गावातून निघून, उर्नरबोडेनच्या प्रचंड कुरणातून, थेट खिंडीपर्यंत. साडेएकवीस किलोमीटर, १३६ वळणं, रस्ता कच्चा. १९३४ मध्ये रुडॉल्फ काराचिओलानं हे अंतर साडेपंधरा मिनिटांच्या आत कापलं. ते वर्ष शेवटचं. नंतर तिथे स्मरण म्हणून जुन्या गाड्यांचा सोहळा झाला, पण तो १९९३, १९९८, २००२, २००६ आणि २०१३ असा मधे मधे काही वर्षं सोडून. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाकडे तिचं काम आहे.

गावातली शर्यत प्रत्यक्षात चालते कशी? आयोजक म्हणजे स्थानिक क्लब. मार्शल, स्वयंपाक, तिकीट, पार्किंग सांभाळणारे बहुतेक सगळे बिनपगारी. गावचं अग्निशमन दल, प्रथमोपचाराचं मंडळ, बँडवाले, सगळे हजर. कुणाच्या तरी कुरणाचं पार्किंग होतं, म्हणून गवत आधी कापून घेतात. तंबूत सॉसेज भाजतात, बीअर वाहते आणि उरलेल्या पैशातून गावच्या मंडळाचं वर्ष निघतं. स्पर्धकही बरेचसे गॅरेजवाले, शेतकरी, सुतार. गाडी स्वतःच्या हातानं उभी केलेली. कोट्यवधींचे प्रायोजक असलेल्या फॉर्म्युला वनशी याचं नातं तितकंच, जितकं आपल्या गावच्या कुस्तीच्या फडाचं ऑलिंपिकशी.

यंत्राशी या लोकांचं नातं लहानपणापासूनचं असतं. स्वित्झर्लंडमध्ये चौदाव्या वर्षी शेतीच्या ट्रॅक्टरचा परवाना मिळतो, ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असलेल्या ट्रॅक्टरचा. चौदाव्या वर्षीच "टोफली" म्हणजे मोपेड चालवता येते, तिलाही मर्यादा ३० चीच. जिथे शेवटची बस संध्याकाळीच जाते, तिथल्या पोराला टोफली म्हणजे स्वातंत्र्य. ती खोलायची, जोडायची, थोडी नियमाबाहेर पळवायची आणि पोलिसानं धरलं की बापाच्या शिव्या खायच्या. शहरात दर सात मिनिटांनी ट्राम मिळणाऱ्या माणसाला इंजिन हा निव्वळ शौक वाटतो. डोंगरातल्या शेतकऱ्याला तेच इंजिन उतारावरचं गवत कापतं, दूध खाली नेतं, बर्फ बाजूला करतं. ज्या वस्तूवर पोट आहे, तिचा सण होणारच. २००५ मध्ये बर्न कँटनच्या ग्रामीण भागातला टॉम ल्युथी मोटरसायकलचा १२५ सीसीचा विश्वविजेता झाला, तेव्हा देशानं वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला निवडलं. कुणाला मागे टाकून? रॉजर फेडररला. यावरून ओळखा.

इथपर्यंत वाचून वाटेल, म्हणजे गाव पेट्रोलच्या बाजूचं आणि शहर पर्यावरणाच्या. तसं अजिबात नाही.

ग्राउब्युंडेन कँटनचं बघा. डोंगराळ, गरीब, रस्ते अरुंद. १९०० मध्ये तिथल्या सरकारनं मोटारगाडीवर सरसकट बंदी घातली. गाड्यांना घोडे बुजतात, धूळ उडते, माणसं चेंगरतात, आणि रस्ते आमच्या पैशातून बांधलेले असताना मजा मात्र बाहेरचे श्रीमंत करतात, असं लोकांचं म्हणणं. पंचवीस वर्षं मतदानामागून मतदान झालं आणि लोक नाही म्हणत राहिले. बाहेरच्याला गाडी घेऊन कँटनमधून जायचंच असेल तर इंजिन बंद करून पुढे घोडे जुंपावे लागत. अखेर १९२५ मध्ये मतदारांनी बंदी उठवली. आणि गंमत म्हणजे चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, त्याच कँटनमध्ये बर्निना खिंडीत मोटार शर्यत झाली! तेच डोंगर आणि जवळपास तीच माणसं. आधी नाही म्हणायचा हक्क त्यांनी वापरला, नंतर हो म्हणायचा.

दुसरं उदाहरण उरीचं. गोटहार्डच्या पायथ्याचं कँटन. युरोपचा उत्तर-दक्षिण मालट्रक त्यांच्या अंगणातून जातो. तिथल्या लोकांनी पुढाकार घेऊन "आल्प्स इनिशिएटिव्ह" काढलं: आल्प्स ओलांडणारा परदेशी माल रस्त्यावरून उचलून रेल्वेवर टाका. २० फेब्रुवारी १९९४ ला देशानं ५१.९ टक्क्यांनी ते मंजूर केलं आणि उरीनं तर प्रचंड बहुमतानं. त्याच धोरणातून ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बेस टनेल २०१६ मध्ये सुरू झाला. आजही आल्प्स ओलांडणाऱ्या ट्रकांची कायद्यातली मर्यादा वर्षाला साडेसहा लाख आहे, प्रत्यक्षात ते नऊ लाखांच्या आसपास जातात. म्हणजे डोंगरातल्या माणसाला हवा, झोप आणि दरी यांची किंमत शहरवाल्यापेक्षा कमी कळते असं नाही. उलट त्याच्याच खिडकीखालून ट्रक जातो.

आणि वितळणाऱ्या बर्फाखाली राहतो तोही तोच. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचं दहा टक्के आकारमान गेलं. २८ मे २०२५ ला लोचेनटालमध्ये दरडी आणि हिमनदी मिळून खाली आली आणि ब्लाटेन गाव जवळपास पुरतं गाडलं गेलं. सुमारे तीनशे लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून मोठी जीवितहानी टळली. या एका घटनेचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही, पण डोंगर धरून ठेवणारा गोठलेला थर सैल होतोय हे तिथे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तेव्हा "त्यांना काय फिकीर" हे शहरी वाक्य साफ चुकीचं आहे.

मग मतदानात गावं वेगळी का दिसतात? स्विस मतदानांचा इतिहास क्रमानं वाचला की एक गोष्ट दिसते. १९७३ च्या तेल संकटात तीन रविवार गाड्या बंद ठेवल्या, लोकांनी हायवेवर स्केटिंग केलं, आजही म्हातारी माणसं कौतुकानं सांगतात. पण १९७८ मध्ये वर्षाला बारा रविवार बंद ठेवायचे का विचारलं, तर नाही. २००३ मध्ये निदान चार, तरी नाही. जंगलं मरतायत या भीतीनं १९८५ पासून वेगमर्यादा ८० आणि १२० केली, त्याच वर्षी चिडून चक्क "ऑटो पार्टी" नावाचा पक्ष निघाला. पण १९८९ मध्ये मर्यादा पुन्हा वाढवायचा प्रस्ताव आला तेव्हा साठ टक्क्यांहून जास्त लोकांनी तोही पाडला. २०२१ मध्ये पेट्रोल महाग करणारा सीओटू कायदा ५१.६ टक्क्यांनी पडला, मुख्यतः ग्रामीण मतांमुळे. दोनच वर्षांनी, दंडाऐवजी मदत देणारा हवामान कायदा ५९.१ टक्क्यांनी मंजूर. आणि २०२४ मध्ये हायवे रुंद करायची अब्जावधी फ्रँकची योजना ५२.७ टक्क्यांनी नामंजूर.

यात लोक पर्यावरणाच्या विरोधात दिसतात का? मला तरी नाही दिसत. गाडी वापरावीच लागते अशा माणसाला शिक्षा केल्यासारखं वाटलं की ते नाही म्हणतात. सगळ्यांना सारखा नियम असला आणि आपल्याला विचारलं गेलं असलं, की कडक नियमही पाळतात. याच देशात ८० च्या रस्त्यावर १४० नं गाडी हाकली तर थेट फौजदारी खटला होतो, गाडी जप्तही होऊ शकते. शर्यतप्रेमी गावंसुद्धा त्याविरुद्ध बंड करत नाहीत.

आता बर्नची गोष्ट, जी या सगळ्या वादात मला सर्वात महत्त्वाची वाटते.

२०१५ मध्ये सरकारनं विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ई साठी बंदीत अपवाद केला. जून २०१८ मध्ये झुरिचला शर्यत झाली, चौसष्ट वर्षांत देशातली पहिली सर्किट शर्यत. पुढच्या वर्षी झुरिच शहरानं नको म्हटलं, म्हणून २२ जून २०१९ ला ती बर्नला झाली. धूर नाही, आवाज पेट्रोलच्या मानानं किरकोळ, जाहिरातीत सगळं हिरवं हिरवं. आणि झालं काय? शर्यतीच्या दोन दिवस आधी अनेक सायकलस्वार विरोध करायला रस्त्यावर उतरले, काहींनी ट्रॅकवरच्या सामानाची मोडतोडही केली. राहत्या वस्तीत काँक्रीटचे कठडे, रस्ते अडलेले, दुकानं वैतागलेली. शर्यत त्यानंतर बर्नला परत आली नाही.

म्हणजे बघा, सगळ्यात "स्वच्छ" शर्यत दोन मोठ्या शहरांनी एकेका वर्षात परत पाठवली. आणि पेट्रोल जाळणारी रायटनाऊची, सँ-उर्सानची शर्यत गावानं पिढ्यान् पिढ्या सांभाळली. इंधनावरून हे कोडं सुटत नाही. बर्नमध्ये बाहेरची कंपनी आली, लोकांच्या दारासमोर कठडे टाकले, दोन दिवसांत पैसे घेऊन गेली. गावात कठडे टाकणारा माणूस गावातलाच असतो, सोमवारी तोच ते उचलतो आणि काही नुकसान झालं तर त्याच्याच दारात जाऊन भांडता येतं. पर्यावरण म्हणजे आपल्या परिसरावर आपला ताबा असणं, हाही त्या शब्दाचा एक अर्थ आहे. बर्नच्या सायकलवाल्यांना तो कळला होता, ग्राउब्युंडेनच्या शेतकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी कळला होता.

आता आक्षेप. तेही नीट घेतले पाहिजेत.

पहिला धुराचा. एक ढोबळ हिशोब करू, आकडे फक्त कल्पना येण्यासाठी. समजा २०० गाड्या, पाच किलोमीटरचा घाट, प्रत्येकी पाच फेऱ्या, चढून उतरून. झाले दहा हजार किलोमीटर. समजा पाच हजार प्रेक्षक, तीन जणांमागे एक गाडी, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. झाले एक लाख किलोमीटर. शर्यतीची गाडी दर किलोमीटरला कितीतरी जास्त पितो हे धरलं तरी मोठा धूर घाटात नाही, पार्किंगमध्ये आहे. हेच फुटबॉलच्या सामन्याला आणि संगीत महोत्सवालाही लागू पडतं. आणि देशाच्या हिशोबात वाहतुकीचा वाटा सुमारे एक तृतीयांश आहे, तो रोजच्या गाड्यांचा. नवीन गाड्यांच्या सरासरी धुरात स्वित्झर्लंड युरोपात वरच्या रांगेत असतो, कारण लोकांकडे पैसा आहे आणि त्यांना जड, ताकदवान फोर बाय फोर आवडतात. त्यातल्या बऱ्याच सपाट शहरातच फिरतात. रायटनाऊच्या सुताराला वर्षातल्या दोन दिवसांसाठी गुन्हेगार ठरवायचं आणि मॉलच्या तळघरातल्या अडीच टनी गाडीबद्दल गप्प बसायचं, हा पर्यावरणवाद मला पटत नाही.

दुसरा आक्षेप आवाजाचा. हा खरा आहे. रविवारी गवत कापायचं यंत्रसुद्धा चालवू देत नाहीत असा हा देश. पण डोंगरातल्या गावांची खरी तक्रार शर्यतीच्या दोन दिवसांची कमी आणि मे ते सप्टेंबर दर शनिवार-रविवारी घाटांत येणाऱ्या मोटरसायकलींच्या रांगांची जास्त आहे. शेजारच्या ऑस्ट्रियात टिरोलनं २०२० मध्ये काही रस्त्यांवर ९५ डेसिबलच्या वरच्या मोटरसायकली बंद केल्या. तसं काही स्विस घाटांत करता आलं, तर गावच्या शर्यती बंद करण्यापेक्षा दसपट शांतता मिळेल.

तिसरा आक्षेप संदेशाचा: हवामान संकटात शर्यत हा चुकीचा संदेश आहे. यात तथ्य आहे, आणि इथेच मला शर्यतवाल्यांशीही भांडायचं आहे. "परंपरा आहे" एवढं म्हणून सुटका होत नाही. परंपरेचा आधार घ्यायचा तर परंपरेचं मापही पाळा. वर्षातून एकदा, दोन दिवस, तात्पुरता रस्ता, गावाच्या संमतीनं, हे ते माप. क्लाउझेनच्या सोहळ्याचं उदाहरण यासाठीच वर दिलं. काही वर्षांनी एकदा होतो म्हणूनच तो सोहळा वाटतो. कायम बांधलेलं सर्किट म्हणजे दर आठवड्याचा धंदा. कर्ज फेडायला ते रोज चालवावंच लागतं. चांगली सपाट जमीन त्या देशात मुळातच थोडी, ती डांबराखाली घालून वर परंपरेचं नाव घेता येणार नाही.

म्हणून बंदी उठल्यावर परवानगीचा अधिकार कँटनांकडे आलाय, हे मला योग्य वाटतं. पण कँटनांनी तीन-चार अटी आधीच स्पष्ट घालाव्यात. गेमाइंडेच्या, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामसभेच्या, मतदानाशिवाय परवानगी नको. तिकिटातच रेल्वे आणि पोस्टबसचं भाडं धरा आणि पार्किंग महाग ठेवा, कारण धूर तिथे आहे. वर्षाला दिवसांची मर्यादा ठरवा. आणि सुरक्षिततेवर तडजोड नको, कारण मूळ बंदी माणसं मेली म्हणून आली होती आणि हिल क्लाइंबमध्येही माणसं दगावतात. कठड्याऐवजी झाड असलेल्या वळणावर कुठलीही परंपरा कामाला येत नाही.

आपण यातून काय घ्यायचं? बैलगाडा शर्यतीचा विषय आपल्याकडे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीपासून २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत चालला. तिथे प्रश्न मुक्या जनावराचा होता, इंजिनाचा नाही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका. पण वादाची भाषा तीच होती: एकीकडे "मागास गावंढळ", दुसरीकडे "आमच्या परंपरेला हात लावाल तर". त्या नऊ वर्षांत शर्यत ज्या गावात होते तिथल्या ग्रामसभेला अटी-शर्तींबद्दल कुणी विचारलं का? स्विस लोकांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. सत्तर वर्षं त्यांनी एक कालबाह्य कलम ओढलं. पण दर खेपेला विचारतात, हरलेला माणूस पुढच्या मतदानाची वाट बघतो आणि मधल्या काळात शेजाऱ्याशी बोलणं टाकत नाही.

पुढच्या काही वर्षांत तिथे दोन प्रकारचे अर्ज येतील. एक एखाद्या गावच्या क्लबचा, दोन दिवसांसाठी. दुसरा एखाद्या गुंतवणूकदाराचा, कायमच्या ट्रॅकसाठी, हिरव्या रंगाच्या माहितीपत्रकासह. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणण्याची अक्कल कँटनांनी दाखवली, तर बंदी उठवल्याचं सार्थक झालं. दोन्हींना एकाच फूटपट्टीनं मोजलं, तर मग बंदीच बरी होती असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नसेल.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. फक्त "विकसित देशाला काय कमी आहे" आणि "परंपरा म्हणजे परंपरा" ही दोन वाक्यं सोडून.